चौकट टिकली, उत्प्रेरक गेला: यूआयओ-६७ मधल्या ऱ्हेनियमचं प्रकरण

वीस तास प्रकाशात ठेवलेली भुकटी द्रावणातून परत मिळवली आणि तिच्यावर क्ष-किरण टाकले. विवर्तनाच्या रेषा जिथे होत्या तिथेच होत्या, म्हणजे स्फटिकाची रचना शाबूत होती. पण तीच भुकटी ताज्या द्रावकात घालून पुन्हा दिव्यासमोर ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड काही निघेना. अवरक्त वर्णपट घेतला तर कार्बोनिल गटांची, म्हणजे ऱ्हेनियमला चिकटलेल्या कार्बन मोनॉक्साइडची, ओळख सांगणारी शिखरं गायब होती.

हे प्रकरण २०११ सालचं आहे. वेनबिन लिन तेव्हा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या शाखेत होते. त्यांच्या गटाने इरिडियम, ऱ्हेनियम आणि रुथेनियमची संयुगं यूआयओ-६७ नावाच्या एका सच्छिद्र धातू-सेंद्रिय चौकटीत बसवली आणि असे सहा पदार्थ तयार केले. त्यातल्या चौथ्या, ऱ्हेनियमवाल्या पदार्थाबद्दल मला लिहायचं आहे. प्रकाशाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडचं कार्बन मोनॉक्साइड करणं हे त्याचं काम. या विषयावरच्या लेखांमध्ये त्याचा उल्लेख बहुतेक वेळा एकाच वाक्यात होतो: 'चौकटीत बसवल्यावर उत्प्रेरकाची कामगिरी तिप्पट झाली.' ते वाक्य खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला उरलेल्या अर्ध्या भागाचाच जास्त उपयोग आहे.

आधी ऱ्हेनियमचा रेणू

१९८३ मध्ये हॉकर, लेन आणि झीसेल यांनी दाखवलं की बायपिरिडीन (नायट्रोजन असलेली दोन वलयं जोडलेला सेंद्रिय रेणू) आणि तीन कार्बोनिल गट धारण करणारं ऱ्हेनियमचं एक साधंसं संयुग प्रकाशाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडचं कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करतं. ऱ्हेनियमच्या भोवती सहा जागा असतात. तीन कार्बन मोनॉक्साइडने धरलेल्या, दोन बायपिरिडीनच्या दोन नायट्रोजननी आणि एक क्लोराइडने. रंग पिवळा. या रेणूचा मोठा गुण म्हणजे प्रकाश पकडणं आणि रसायन घडवणं ही दोन्ही कामं तो एकटाच करतो. शेजारी वेगळा प्रकाशग्राही रेणू ठेवावा लागत नाही.

काम असं चालतं. प्रकाश शोषला की ऱ्हेनियमवरचा एक इलेक्ट्रॉन बायपिरिडीनवर जातो. ऱ्हेनियमवर पडलेली रिकामी जागा द्रावणातलं ट्रायइथिलअमीन स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन भरून काढतं. हे अमीन खर्ची पडणारा दाता आहे, एकदा इलेक्ट्रॉन दिला की ते मोडतं आणि परत येत नाही. आता रेणूवर एक इलेक्ट्रॉन जास्तीचा झाला. क्लोराइड सुटतो, मोकळ्या जागी कार्बन डायऑक्साइड येऊन बसतो. पण त्याचा एक ऑक्सिजन काढून घ्यायला एक इलेक्ट्रॉन पुरत नाही, दोन लागतात. दुसरा कुठून यायचा? द्रावणात मोकळे फिरणारे रेणू असतील तर शेजारचा, आधीच एक इलेक्ट्रॉन पदरात असलेला रेणू तो देऊ शकतो. मोडलेल्या अमीनपासून तयार होणारा मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन उरलेला तुकडाही, इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक असतो. ही दुसऱ्या इलेक्ट्रॉनची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

या रेणूचा दोष म्हणजे तो लवकर मरतो. इलेक्ट्रॉन घेतलेले दोन रेणू एकमेकांना भेटले की जोडी जमवतात, ऱ्हेनियमला ऱ्हेनियम चिकटतो आणि काम थांबतं किंवा फार मंदावतं. म्हणजे ज्या शेजाऱ्याकडून इलेक्ट्रॉन मिळू शकतो, त्याच्याच भेटीत रेणूचा घातही आहे.

तेव्हा रेणूंना एकमेकांपासून दूर, जागच्या जागी खिळवून ठेवावं, ही कल्पना सुचणं साहजिक होतं.

चौकट

धातू-सेंद्रिय चौकटींची ओळख आता फार करून द्यायला नको. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना याच कामासाठी मिळालं. धातूच्या गाठी, त्यांना जोडणारे सेंद्रिय दुवे आणि मध्ये नियमित अंतरावर पोकळ्या, अशी ही रचना. प्रकाश-उत्प्रेरणासाठी मात्र यातल्या बऱ्याच चौकटी कुचकामी ठरतात. पाणी, अमीन किंवा थोडी उष्णता लागली की त्यांच्या गाठी सुटतात.

२००८ मध्ये ओस्लो विद्यापीठातून झिर्कोनियमच्या चौकटींचं एक घराणं पुढे आलं. यूआयओ हे नाव त्या विद्यापीठावरूनच पडलं. यात प्रत्येक गाठीत सहा झिर्कोनियम अणू आणि त्यांना बांधणारे ऑक्सिजन असतात, आणि प्रत्येक गाठीतून बारा दुवे निघतात. बारा हा आकडा महत्त्वाचा आहे. एखाददुसरा दुवा निसटला तरी गाठ उरलेल्यांच्या आधाराने उभी राहते. शिवाय झिर्कोनियम आणि ऑक्सिजन यांचा बंध मुळातच चिवट. फॉस्फेट, फ्लोराइड किंवा तीव्र अल्कली आली तर ही चौकटही ढासळते, पण सेंद्रिय द्रावकात ती भक्कम राहते.

या घराण्यातल्या यूआयओ-६७ मध्ये दुवा म्हणून बायफिनाइलडायकार्बॉक्सिलेट असतं. दोन बेंझीन वलयं एकापुढे एक जोडलेली आणि दोन्ही टोकांना कार्बॉक्सिलेट. आता यातल्या प्रत्येक वलयात एकेका कार्बनच्या जागी नायट्रोजन घातला की तेच बायपिरिडीन होतं. लांबी जवळपास तेवढीच राहते, टोकंही त्याच दिशेला राहतात, मात्र मध्यभागी धातू धरायला दोन नायट्रोजन मिळतात. लिन यांच्या गटाने हेच साधलं. ऱ्हेनियम आधीच धरून बसलेला बायपिरिडीन दुवा त्यांनी साध्या दुव्यांच्या मिश्रणात घातला. चौकट वाढताना तिला दोघांतला फरक कळला नाही, कारण मापं जुळत होती. मिसळा आणि जुळवा, अशीच ही पद्धत आहे.

जुळणी किती चांगली झाली ते आकड्यांत दिसतं. सहाही पदार्थांचं विवर्तन मूळ यूआयओ-६७ शी जुळलं. पृष्ठफळ ग्रॅममागे १०९२ ते १४९७ चौरस मीटर भरलं, म्हणजे आतल्या वाटा बुजलेल्या नव्हत्या. हवेत ४०० अंश सेल्सिअसपर्यंत पदार्थ टिकले. एवढ्यावर कुणीही म्हणेल, यजमान उत्तम आहे.

पाहुण्याची मात्र एक अडचण होती आणि ती सहसा नजरेतून सुटते. दुवा सरळ राहावा म्हणून कार्बॉक्सिलेट बायपिरिडीनच्या पाचव्या आणि पाच-प्राइम (म्हणजे दुसऱ्या वलयावरच्या पाचव्या) स्थानी असावे लागतात. कार्बॉक्सिलेट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात. त्यामुळे बायपिरिडीनवर आलेला इलेक्ट्रॉन तिथे अधिक सुखाने बसतो आणि कार्बन डायऑक्साइडकडे ढकलला जाण्याची त्याची तातडी कमी होते. चौकटीत नीट बसावा म्हणून रेणूच्या टोकाला जे हात दिले, त्या हातांनीच त्याचा जोर थोडा काढून घेतला. चौकटीत बसवलेला रेणू आणि द्रावणातला रेणू यांची तुलना करताना म्हणूनच विचारावं लागतं की द्रावणात नेमकं कोणतं संयुग घेतलं होतं. लिन यांच्या गटाने तुलनेसाठी तोच कार्बॉक्सिलिक गट असलेला रेणू घेतला. तुलना प्रामाणिक आहे. पण ती या बांधलेल्या रेणूशी आहे, ऱ्हेनियमच्या सर्वोत्तम रेणूशी नाही.

१०.९

ॲसिटोनायट्राइलमध्ये ट्रायइथिलअमीन, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला, आत भुकटी आणि समोर दिवा. निकाल असा: प्रत्येक ऱ्हेनियम अणूमागे कार्बन मोनॉक्साइडचे एकूण १०.९ रेणू. उत्प्रेरकाने एवढे फेरे पूर्ण केले असं आपण म्हणतो. द्रावणातल्या मोकळ्या रेणूच्या तिप्पट.

हा आकडा जरा डोळ्यांसमोर आणून पाहू. वीस तासांत साधारण अकरा फेरे म्हणजे एका फेऱ्याला सरासरी पावणेदोन तासांहून थोडा जास्त वेळ. प्रकाशकण शोषलेल्या रेणूची उत्तेजित अवस्था नॅनोसेकंदांत संपते, आणि एक फेरा पूर्ण व्हायला तास लागतात. याचा अर्थ दिव्यातून आलेले बहुतेक प्रकाशकण वाया जातात. त्यातले काही स्फटिकांच्या बाहेरच्या थरातच अडकतात, काही भुकटीवर आपटून विखुरतात, आणि काही असा रेणू उत्तेजित करतात की ज्याच्याजवळ त्या क्षणी अमीन पोहोचलेलं नसतं. निलंबित भुकटी आणि स्वच्छ द्रावण यांच्यातली तुलना या कारणाने नेहमीच थोडी ओढूनताणून केलेली असते. दोन्हीकडे ऱ्हेनियम तेवढाच घेतला तरी दोन्हीकडे प्रकाश सारखा पोहोचत नाही.

आता तिपटीचा दुसरा भाग पाहू. १०.९ हे तिप्पट असेल तर द्रावणातल्या रेणूचे फेरे साडेतीनच्या आसपास होतात. इथे मी प्रत्येक वेळी थबकतो. का, ते पुढच्या परिच्छेदात.

कार्बन मोनॉक्साइड आला कुठून?

ऱ्हेनियमच्या या रेणूवर सुरुवातीपासूनच कार्बन मोनॉक्साइडचे तीन रेणू बसलेले असतात. रेणू मोडला तर तेही वायूत मिसळणार. वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला यातला भेद कळत नाही. त्याच्यासाठी कार्बन मोनॉक्साइड म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, मग तो कार्बन डायऑक्साइडपासून झालेला असो की मेलेल्या उत्प्रेरकाच्या अंगावरचा. म्हणजे या संयुगाच्या बाबतीत पहिले तीन 'फेरे' संशयाच्या भोवऱ्यात असतात. १०.९ त्या रेषेच्या बराच वर आहे, त्यामुळे चौकटीतला रेणू खरोखर फेरे मारत होता हे मान्य करायला हरकत नाही. साडेतीन मात्र त्या रेषेला जवळजवळ टेकलेला आहे. ज्या पायावर 'तिप्पट' उभी आहे, तो पायाच किती अरुंद आहे ते इथे दिसतं.

असा संशय फेडायची रीत ठरलेली आहे. कार्बन-१३ असलेला कार्बन डायऑक्साइड वापरायचा आणि वस्तुमान वर्णपटात २९ या आकड्यावर कार्बन मोनॉक्साइड दिसतो का ते पाहायचं. साध्या कार्बन मोनॉक्साइडचं वस्तुमान २८, आणि नेमकं तेवढंच हवेतल्या नायट्रोजनचंही. कुपीच्या रबरी बुचातून सुईभर हवा आत शिरली तरी २८ वर शिखर उभं राहतं. म्हणून २९ वर शिखर दिसलं एवढ्यावर थांबू नये, २८ वर किती उरलं आणि ते कशाचं, हेही विचारावं. चौकटींच्या बाबतीत आणखी एक स्रोत असतो, स्वतः चौकट. तिचे दुवे सेंद्रिय आहेत, छिद्रांत आदल्या संश्लेषणातला द्रावक अडकलेला असू शकतो, आणि अमीन तर मुद्दाम घातलेलं आहे. या सगळ्यांत कार्बन आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉन भरून तोच प्रयोग करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा पडताळा आहे. नव्या विद्यार्थ्याला मी एकच गोष्ट आधी करायला सांगेन ती ही. आधी आरगॉनची कुपी लावा, मग बाकीचं.

द्रव गप्प का होता

लिन यांच्या गटाने दोन महत्त्वाचे पडताळे केले. ऱ्हेनियम नसलेली कोरी यूआयओ-६७ वापरून पाहिली, काही घडलं नाही. भुकटी काढून टाकून उरलेला वरचा द्रव वापरून पाहिला, त्यातही काही घडलं नाही. यावरून त्यांनी म्हटलं की काम चौकटीतल्या रेणूंनीच केलं, बाहेर निसटलेल्यांनी नव्हे.

पहिला पडताळा निर्विवाद आहे. दुसऱ्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण धातू-सेंद्रिय चौकटींवरच्या असंख्य शोधनिबंधांत हा पडताळा जणू शेवटचा शब्द म्हणून येतो. गाळलेला द्रव निष्क्रिय निघाला याचे दोन अर्थ होतात. एक, चौकटीतून काहीच निसटलं नाही. दोन, जे निसटलं ते आधीच मेलेलं होतं. बायपिरिडीनपासून सुटलेला ऱ्हेनियमचा तुकडा द्रावणात मजेत तरंगू शकतो आणि तरीही कार्बन डायऑक्साइडला हात लावणार नाही, कारण बायपिरिडीनवाचून त्याला इलेक्ट्रॉन साठवायला जागाच उरलेली नसते. निष्क्रियतेची चाचणी निसटलेल्या जिवंत रेणूला पकडते. निसटलेल्या प्रेताला ती पकडत नाही. त्यासाठी द्रवातला ऱ्हेनियम मोजावाच लागतो, आणि तो मोजायला अत्यंत सूक्ष्म प्रमाण पकडणारं आयसीपी-एमएस हे यंत्र वापरतात.

या प्रकरणात नेमकं दुसरं घडलं होतं. ऱ्हेनियम आणि त्याचे कार्बोनिल मिळून बायपिरिडीन दुव्यावरून सुटून गेले होते. दुवा जागेवर राहिला, त्याची दोन्ही टोकं झिर्कोनियमच्या गाठींत अडकलेली राहिली, म्हणून विवर्तनात काहीच फरक दिसला नाही. खुंटी भिंतीत पक्की होती, तिच्यावरचं वस्त्र गेलं होतं. पुरावा अवरक्त वर्णपटात आहे. ऱ्हेनियमवरचे तीन कार्बोनिल २०२० प्रति सेंटीमीटरच्या आसपास एक आणि १९०० च्या आसपास दोन अशी जोरकस शिखरं देतात. त्या पट्ट्यात बाकी कुणाची फारशी गर्दी नसते. त्यामुळे ती शिखरं आहेत की नाहीत हे नवशिक्यालाही एका नजरेत कळतं. वापरलेल्या भुकटीत ती नव्हती.

माझ्या मते या संपूर्ण कामातली सगळ्यात मोलाची ओळ हीच आहे. गटाने ती लपवली नाही. विवर्तनाचा सुंदर आलेख देऊन, खाली 'पदार्थ स्थिर आहे' असं लिहून पुढे जाता आलं असतं. तसं करणारे कमी नाहीत.

नेमकं काय अडवलं आणि काय नाही

चौकटीने रेणूंना एकमेकांपासून दूर ठेवलं. जोडी जमवून मरण्याची वाट बंद झाली, आणि तिपटीचं श्रेय मी मुख्यतः यालाच देतो. पण रेणूच्या स्वतःच्या आतला बंध सुटणं ही वेगळी वाट आहे, तिला दुसऱ्या रेणूची गरजच नसते. उत्तेजित आणि वर इलेक्ट्रॉन घेतलेल्या रेणूमध्ये धातूभोवतीचे बंध सैल होतात. क्लोराइड सुटावा असं आपल्यालाच वाटत असतं, नाहीतर कार्बन डायऑक्साइडला जागा मिळणार नाही. पण सैल करणारं कारण क्लोराइडपाशीच थांबेल याची हमी कुणी दिली? कार्बोनिल सुटू शकतो, नायट्रोजनचा हातही सुटू शकतो. द्रावणात बायपिरिडीन सुटलं तर दोन्ही तुकडे काही काळ जवळपास असतात, कधी परतही जुळतात. चौकटीत दुवा हलत नाही, सुटलेला तुकडा मात्र छिद्रातून वाहून जातो, आणि बाहेर तर भरपूर द्रावक आहे. परत फिरायला त्याला काहीच कारण नसतं.

दुसऱ्या इलेक्ट्रॉनचाही प्रश्न आहेच. शेजाऱ्याला भेटायचं नाही असं ठरवलं की त्याच्याकडून इलेक्ट्रॉनही मिळणार नाही. मग अमीनच्या मूलकावर अवलंबून राहावं लागतं, आणि त्याला छिद्रांमधून वाट काढत ऱ्हेनियमपर्यंत पोहोचायचं असतं. यूआयओ-६७ ची खिडकी जेमतेम ०.८ नॅनोमीटरची. कार्बन डायऑक्साइडला ती प्रशस्त आहे, त्याचा गतिक व्यास, म्हणजे छिद्रातून जाताना भरणारी जाडी, ०.३३ नॅनोमीटर. ट्रायइथिलअमीनलाही जाता येतं, पण ऱ्हेनियम धारण करणारा प्रत्येक दुवा आपल्या बाजूच्या पोकळीत बराच पसारा मांडतो. आत ऱ्हेनियम जेवढा जास्त कोंबावा तेवढी वाट अरुंद होत जाते.

चौकटीत दर ग्रॅमला किती उत्प्रेरक बसला हा आकडा मोठ्या अभिमानाने दिला जातो, त्याबद्दल मला याच कारणाने शंका येते. जास्त म्हणजे चांगलं असं इथे नाही.

तीन, चोवीसपैकी

हे फक्त तर्कापुरतं राहिलेलं नाही. याघी आणि पेइडाँग यांग यांच्या बर्कलीमधल्या गटांनी २०१७ मध्ये याच यूआयओ-६७ मध्ये याच ऱ्हेनियम दुव्याचं प्रमाण बदलत नेलं. यूआयओ-६७ च्या एका एककपेशीत, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ तुकड्यात, २४ दुवे असतात. त्यांनी ऱ्हेनियमचे ०, १, २, ३, ५, ११, १६ आणि थेट २४ दुवे असलेले नमुने बनवले. सर्वांत चांगलं काम केलं ते तीनवाल्याने. चोवीसपैकी तीन. उरलेल्या एकवीस दुव्यांचं काम फक्त चौकट उभी ठेवणं आणि मोकळी जागा राखणं एवढंच.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. तीन ऱ्हेनियम एका पेशीत म्हणजे ते अगदी एकाकीही नाहीत आणि दाटीवाटीतही नाहीत. दुसऱ्या इलेक्ट्रॉनची गरज आणि जोडी जमण्याची भीती यांच्यामधली ही जागा असावी, असं माझं वाचन आहे. वाट मोकळी राहणं हा त्यातला दुसरा भाग.

त्याच कामात त्यांनी या चौकटीचा पातळ थर चांदीच्या नॅनोघनांवर चढवला. चांदीच्या पृष्ठभागाशी प्रकाशाचं विद्युतक्षेत्र दाट होतं, आणि थर पातळ असल्यामुळे ऱ्हेनियम त्या दाट क्षेत्राच्या आवाक्यात येतो. दृश्य प्रकाशात कामगिरी सात पट झाली आणि ४८ तासांपर्यंत टिकली. सात पटीपेक्षा मला ते ४८ तास जास्त महत्त्वाचे वाटतात. २०११ चा पदार्थ वीस तासांनी परत वापरण्याजोगा उरला नव्हता, हे आठवलं की त्याचं वजन कळतं. प्रकाश मोठ्या स्फटिकाच्या आतपर्यंत पोहोचवण्याची धडपड करण्यापेक्षा पदार्थच पातळ करावा, ही त्यातली मला पटलेली गोष्ट.

दुव्यावर न टांगता, पोकळीत ठेवून

दुसरी वाट म्हणजे रेणूला चौकटीचा भाग करायचंच नाही, पोकळीत नुसतं ठेवायचं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात रोलंड फिशर आणि ज्युलियाँ वार्नां यांच्या गटाने २०२१ मध्ये ॲल्युमिनियमची एमआयएल-१०१ या घराण्यातली, अमिनो गट असलेली चौकट घेतली. हिच्या पोकळ्या यूआयओ-६७ पेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. आत त्यांनी ऱ्हेनियमचा उत्प्रेरक ठेवला, आणि त्याच्यासोबत प्रकाश पकडायला रुथेनियमचा वेगळा रेणू. ऱ्हेनियमच्या बायपिरिडीनवर कार्बॉक्सिलिक गट इथे चौथ्या आणि चार-प्राइम स्थानी आहेत. दुवा म्हणून सरळ रेषेत बसायची सक्ती नाही, त्यामुळे रसायनशास्त्रज्ञाला निवड करता आली.

चौकट नसताना या जोडीचं काम दीड तासात संपत होतं. चौकटीत ते ४० तासांपर्यंत चाललं. यात एक अट आहे आणि ती मी मुद्दाम सांगतो: मध्ये मध्ये रुथेनियमचा ताजा प्रकाशग्राही घालावा लागला. कारण ऱ्हेनियम टिकला होता, मरत होता तो प्रकाश पकडणारा रुथेनियम. द्रावणात सहसा उलटं दिसतं, तिथे उत्प्रेरकाचा जीव आधी जातो. एका पोकळीत एक ऱ्हेनियम आणि दोन रुथेनियम हे प्रमाण सगळ्यात चांगलं ठरलं.

या दोन प्रकरणांना शेजारी ठेवलं की एक गोष्ट ठळक होते. लिन यांच्या पदार्थात एकच रेणू प्रकाशही पकडत होता आणि फेरेही मारत होता, आणि वीस तासांनी त्याचाच बंध सुटलेला होता. म्युनिकच्या पदार्थात प्रकाशाचा मारा मुख्यतः रुथेनियमने झेलला, ऱ्हेनियम त्या झळीतून वाचला. दोन्हीकडे बळी गेला तो प्रकाश झेलणाऱ्याचाच. बांधणी वेगळी, चौकट वेगळी, द्रावणातली रसायनंही वेगळी, तेव्हा यावरून नियम काढणं घाईचं होईल. पण मला आज नवा पदार्थ बनवायचा असता तर मी एकाच रेणूवर दोन्ही कामं लादली नसती. प्रकाश झेलणारा रेणू बदलता येईल असा, म्हणजे पोकळीत नुसता ठेवलेला, आणि उत्प्रेरक मात्र दुव्यावर पक्का, अशी मांडणी आधी करून पाहिली असती.

प्रयोगवहीत काय लिहावं

पदार्थ प्रकाशातून बाहेर काढल्यावर पहिला नमुना विवर्तनाकडे पाठवायची सवय सगळ्यांनाच असते. यंत्र हाताशी असतं, आलेख छान येतो. माझी विनंती एवढीच की त्याच भुकटीची चिमूट आधी अवरक्त यंत्रावर ठेवावी. ऱ्हेनियमसाठी २०२० आणि १९०० च्या आसपासची शिखरं, वापरण्यापूर्वीची आणि नंतरची, एकाच आलेखावर. रुथेनियम असेल तर त्याची चमक आणि ती किती नॅनोसेकंद टिकते ते. मग द्रवातला धातू मोजावा, फक्त द्रवाची सक्रियता नव्हे. आणि वाळवताना जपावं. मोठ्या छिद्रांच्या चौकटी द्रावक सुकताना केशाकर्षणाच्या ताणाने आतून कोसळू शकतात. मग पृष्ठफळ घटलं याचा दोष प्रकाशाला दिला जातो, आणि खरी चूक झालेली असते निर्वात भट्टीत. वाळवण्याआधी कमी पृष्ठताण असलेला द्रावक भरून घेतला तर हा घोळ टळतो.

२०११ च्या त्या चौथ्या पदार्थाकडे परत येतो. झिर्कोनियमच्या गाठी धडधाकट, दुवे जागच्या जागी, आणि काही दुव्यांच्या मध्यभागी दोन नायट्रोजन रिकामे हात पसरून. त्या रिकाम्या हातांत ऱ्हेनियम पुन्हा देता येईल का? बायपिरिडीन असलेल्या यूआयओ-६७ मध्ये चौकट तयार झाल्यानंतर धातू घालणं ही आता रुळलेली पद्धत आहे. वापरलेली भुकटी धुऊन, ऱ्हेनियम पेंटाकार्बोनिल क्लोराइडच्या द्रावणात गरम करून, तीच शिखरं १९०० आणि २०२० ला परत येतात का हे पाहणं एका दिवसाचं काम आहे. शिखरं परत आली, पण कार्बन मोनॉक्साइड परत आला नाही, तर मृत्यूचं कारण आणखी खोल आहे. दोन्ही परत आले, तर तो पदार्थ मेला नव्हता, फक्त रिकामा झाला होता.